डोक्याला काही लावता का?

माझा उजवा हात गेला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर 'पर्जन्यमापक' लिहीत होते. अर्धा शब्द झाला आणि खडू खाली पडला. उचलायला वाकले, तर बोटं खडूपर्यंत पोचली, पण त्याला धरेनात. मुलं हसली. मीही हसले म्हणे, पण एकाच गालाने.

शेजारच्या वर्गातून कदमबाई धावत आल्या. मला खुर्चीत बसवून त्यांनी निदानही करून टाकलं, "पित्त चढलंय. सकाळी काही खाल्लं नसणार हिने." मग लिंबूसरबत आलं. ते माझ्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून साडीवर गळत होतं आणि बाई म्हणत होत्या, "हळू, वंदनाताई, हळू." बाई जिवाला जीव देणारी आहे, तिच्यावर माझा अजिबात राग नाही. पण हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ बोबडी वळली, तर सरबत करत बसू नका. गाडी बघा आणि थेट मोठा दवाखाना गाठा. आमचा चांगला वेळ त्या सरबतात गेला.

ज्यांच्या घरात आत्ता हे चाललंय त्यांच्यासाठी हे सांगतेय. लिहितेय असं म्हणवत नाही, कारण मी मोबाइलपुढे बोलते आणि तो लिहितो. तो 'वंदना'चं 'वंदन' करतो, मग मी त्याच्यावर ओरडते.

दवाखाना

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, दिलीपना, बाजूला घेऊन सांगितलं, पण मला ऐकू येत होतं. "मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. जिवावरचं टळलंय. हाताचं मात्र आत्ताच काही सांगता येणार नाही." दिलीपनी जिवावरचं टळल्याचं ऐकलं. मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

रत्नागिरीतल्या त्या वॉर्डात सकाळ फिनेलच्या वासाने व्हायची. मग मावशी यायची, मग सुई, मग चहा. बेडपॅनची लाज पहिले दोन दिवस वाटली, तिसऱ्या दिवशी तीही संपली. दुपारी चारनंतर भेटायला माणसं. प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि तोंडात गोष्ट, की त्यांच्या चुलत्यालाही असंच झालं होतं. चुलत्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगायचं नाही, म्हणजे काय ते मला कळायचं.

माझे केस कमरेच्या वर, दाट. तहसील कचेरीत फायली बांधणाऱ्या दिलीपनी माझी वेणी घालायला घेतली. पहिल्या दिवशी तिला त्यांनी शेवटी गाठ मारली. मला हसू आलं आणि हसताना लाळ गळली. त्यांनी ती रुमालाने पुसली आणि म्हणाले, "उद्या जमेल." मला रडू कोसळलं. पंचवीस वर्षं ज्या माणसाशी मी मिठावरून भांडले, तो माझी लाळ पुसत होता.

मूठ

पाय परत आला. काठी घेऊन का होईना, मी नाचणे रोडच्या आमच्या घरात स्वतःच्या पायांनी शिरले. बोलणंही आलं. हाताचं मात्र वेगळंच झालं. आधी तो नुसता लोंबत होता. पुढे त्याची मूठ वळली, आणि जी वळली ती सुटेचना. नखं तळव्यात रुतायची. दिलीप रोज कोमट पाण्यात हात धरून एकेक बोट सरळ करायचे, आत कापडाची गुंडाळी ठेवायचे. बंद मुठीला घामट वास येतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. मला त्या वासाची शिसारी यायची आणि तो माझाच हात होता.

डॉक्टर म्हणाले होते की जे काही परत यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांत येतं. मी रोज सकाळी उठून त्या मुठीकडे बघायचे. ती उघडेल की नाही, एवढा एकच प्रश्न उरला होता मला. बाई म्हणून वर्गात उभं राहायचं तर हात हवा. आणि शाळेत जायचं नाही तर मी दिवसभर कुणावर ओरडू?

खेडजवळच्या गावाहून आई आली. तिने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मला न्हाऊ घालणं, डोकं पुसणं, तेल लावणं, वेणी घालणं, भरवणं, सगळं तिच्याकडे गेलं. दिलीपची वेणी बघून ती म्हणाली, "ह्या काय बांधलानी? म्हशीचा दावा?" सुटका झाल्यासारखे दिलीप कचेरीत जायला लागले.

आंबे पडतात, टोपली धरा

दोनेक महिन्यांनी आमच्या फिजिओथेरपिस्ट अनघा मॅडमनी विचारलं, "ताई, गेम खेळाल का?"

त्यांच्या केंद्रात पुण्याहून एक यंत्र काही आठवड्यांसाठी आलं होतं. डोक्यावर घालायचा पट्टा, त्याला आतून छोटे छोटे पाय. माणूस हात हलवायचा विचार करतो तेव्हा डोक्यात बारीकशी वीज चालते, ती हा पट्टा ऐकतो. पुढे संगणकावर गेम. झाडावरून फळ पडतं, खाली टोपली. उजवी मूठ उघडतेय असं मनात आणलं की टोपली उजवीकडे सरकते, आणि त्याच वेळी हातातला मोटरचा हातमोजा बोटं उघडून देतो. विचार आणि बोटं यांची अशी पुन्हा ओळख घालून द्यायची. "सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही हं," मॅडमनी आधीच सांगितलं.

झाडाला सफरचंदं होती. मी म्हटलं, "रत्नागिरीत सफरचंदं कधीपासून लागायला लागली?" पुढच्या वेळी मॅडमनी पुण्याला फोन करून चित्र बदलून घेतलं. आंबे झाले. रंग जरा तोतापुरीचा होता, पण मी गप्प बसले.

विचार करून गेम खेळायचा! मला तर आत्ताच्या आत्ता राजूला फोन करावासा वाटला. राजू म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमचे बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. एका मे महिन्यात ते एसटीतून उतरले ते बगलेत खोकं घेऊन. टीव्हीला जोडायचा गेम. आदल्या वर्षी आलेला चौदा इंची काळापांढरा टीव्ही आमच्या बौद्धवाडीत पहिला होता, आणि आता हा गेम आसपासच्या चार वाड्यांत पहिला. कॅसेटवर छापलं होतं नऊशे नव्व्याण्णव गेम. खरे पाच-सहाच, तेच ते नाव बदलून पुन्हा यायचे. आम्ही ते सगळे नऊशे नव्व्याण्णव उघडून बघितले.

कॅसेट चालली नाही की तिच्या खाचेत फुंकर मारायची. व्होल्टेज उतरलं की चित्र आक्रसायचं. खेळायच्या त्या बटणांच्या डबीला आम्ही रिमोट म्हणायचो. मोटारीचा गेम खेळताना राजू वळणावर सगळा अंगाने वाकायचा, आणि आई दारातून ओरडायची, "अंगात आला काय रे?" रविवारी आई मला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल चोळायची. मी रिमोट सोडायचे नाही. तिने टाळूवर थाप मारली की माझी मोटार भिंतीवर आपटायची. मी किंचाळायचे, ती आणखी एक थाप द्यायची. ओटीवर ऊन, तेलाचा वास, वाडीतली सगळी पोरं दारात दाटीवाटीने उभी. एवढं सुख होतं आणि मला वाटायचं की आई मुद्दाम हरवते मला.

अशी मी. वाडीत मला कुणी हरवू शकत नव्हतं. टोपली सरकवणं म्हणजे काय मोठंसं!

काहीच नाही

टोपली हलली नाही.

पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. आंबे टपाटप जमिनीवर पडत राहिले. मी दात आवळून विचार करत होते, उघड, उघड, मेल्या उघड. पडद्याच्या कोपऱ्यात पट्ट्याच्या पायांचे ठिपके होते. ते हिरवे हवेत. माझे कधी हिरवे, कधी पिवळे, बरेचदा लाल.

"केस फार दाट आहेत तुमचे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी भांग पाडून पाडून पट्टा बसवला. पुण्याला फोन केला. मग विचारलं, "केस धुऊन येता ना?"

"रोज धुऊन येते," मी म्हटलं.

"डोक्याला काही लावता का? मेंदी, रंग, जेल वगैरे?"

"छे हो! काही नाही."

मॅडमनी त्या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं. हळूच म्हणाल्या, "ताई, काही जणांत तो भाग सिग्नल देतच नाही. तुमची त्यात काही चूक नाही. अजून दोनदा बघू. मग यंत्र पुढच्या पेशंटला द्यावं लागेल, फार लोक थांबलेत."

रिक्षाने घरी आले. हात गेला हे मी मान्य केलं होतं, पण हात डोक्यातूनच गेलाय हे मला सहन होईना. दिलीपनी चहा पुढे केला तो मी डाव्या हाताने ढकलला. कप फुटला. ते म्हणाले, "अगं, गेमच तर होता." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय डोंबल!" आई मधे पडली तर तिलाही बोलले. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. आजारी माणूस फार वाईट वागतो. घरच्यांनो, मनावर घेऊ नका, आणि घेतलंत तरी तुमचं काही चुकलं असं नाही.

कागद

पुढच्या खेपेला आई हट्टाने माझ्याबरोबर आली. "मला बघूं दे काय करतंत ते," म्हणाली, आणि माझ्या मागे स्टुलावर बसली.

पुन्हा तेच. लाल ठिपके. मॅडमनी पट्टा काढला आणि त्याचे पाय कागदी रुमालाने पुसायला घेतले. पुसता पुसता त्या थांबल्या. रुमाल उजेडाकडे धरला. बटाटेवड्याखालचा कागद होतो तसा तो आरपार दिसत होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

"ताई, तुम्ही डोक्याला तेल लावता?"

"हो."

"मी विचारलं होतं ना, काही लावता का म्हणून?"

"अहो, पण तेल म्हणजे काय काही लावणं आहे?"

खरं सांगते, मला त्या क्षणीसुद्धा कळलं नाही त्या अशा का बघतायत. काही लावणं म्हणजे रंग लावणं, कलप लावणं. तेल मी जन्मल्यापासून डोक्यावर आहे. दात घासता का असं विचारलं तर माणूस हो म्हणेल, पण आज काय काय केलंत असं विचारल्यावर दात घासले असं कोण सांगतं?

मागून आई म्हणाली, "मीच लावतंय. रोज न्हायली की चांगला वाटीभर जिरवतंय. घरच्या नारळांचा हाय. डोक्याचा दुखणा ना तिचा? मंग डोक्याला तेल नको?"

मॅडम खुर्चीत बसल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "आजी, तेलातून वीज जात नाही हो. हे बिचारं यंत्र तुमच्या तेलावर घसरत होतं." मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे डोकं मेलं नव्हतं. निदान अजून कुणाला तसं सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या येऊ? उद्याच येऊ?"

आई हसली नाही. रिक्षात ती बाहेर बघत बसली. घरी आल्यावर पिशवीत आपली लुगडी भरायला लागली.

"काय झाला?" मी विचारलं.

"माझ्यामुळंच फुकट गेले ना तुझे दिवस? मला काय करता येतंय दुसरा? औषधं तुझी इंग्रजी. यंत्रं इंग्रजी. तेवढा तेल होता माझ्या हातात. आता मी हितं कशाला ऱ्हाऊ?"

आईला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. मी नेहमीसारखी ओरडलेच, "मग हे तेल काढणार कोण? दिलीप? त्यांना वेणी जमत नाही!"

आईने पिशवी खुंटीला लावली आणि शिकेकाई भिजत घातली. दुसऱ्या दिवशी तिने माझं डोकं असं घासलं की मी म्हटलं, "आई, कढई नाही ती!" तीन पाण्यांनी धुतलं. केस वाळल्यावर भुरभुरायला लागले. तिला ते बघवेना, ती तोंड फिरवून भाजी चिरत बसली.

सोड ना, माझी पाळी

ठिपके हिरवे झाले. सगळे. आणि टोपली तरीही हलली नाही. आता काय करायचं?

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही हाताला हुकूम सोडताय. शाळेत सोडता तसा. हुकूम नको. मूठ उघडताना आतून कसं वाटायचं ते आठवा. एखादी खरी आठवण घ्या."

मूठ उघडायची आठवण कुणाला असते? मी डोळे मिटले. खडू ठेवणं आठवलं, काही नाही. नळ सोडणं, काही नाही. मग ओटी आठवली. माझी पाळी संपलेली, मोटार भिंतीवर आपटून विझलेली, आणि मी रिमोट सोडत नाहीये. राजू माझ्या पुढ्यात उकिडवा बसून माझं एकेक बोट उचकटतोय. "सोड ना ताई, माझी पाळी. सोड ना." त्याची ती चिकट, कैरी खाल्लेली बोटं. माझा अंगठा दुखतोय, घामाने रिमोट निसटतोय, मला हसू येतंय. आणि हसू आलं की पकड ढिली होते, हे त्यालाही ठाऊक.

हातमोजा घरघरला. मॅडम ओरडल्या, "ताई!" मी डोळे उघडले. टोपली उजव्या कडेला जाऊन थांबली होती आणि तिच्यात एक आंबा होता.

त्यानंतर मी रोज तिथे बसून लहान झाले. आंबे वाढत गेले. डोळ्यांपुढे ओटी, बाबांचा मुंबईचा सदरा दोरीवर वाळत घातलेला, राजूची बोटं. कधी कधी मॅडम "झालं ताई" म्हणायच्या आणि मला परत यावंसं वाटायचं नाही. बाबा तिकडे होते.

पण मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. "मोजा उघडतोय, ते बरं चिन्ह आहे," त्या म्हणाल्या. "पण मोज्याशिवाय उघडेल तेव्हा ती तुमची मूठ." मोजा काढला की ती पुन्हा मिटायची. घरी मी डोळे मिटून तासन् तास राजूला बोटं उचकटायला लावायचे. काहीही व्हायचं नाही. यंत्र परत जायचा आठवडा आला.

राजू

शेवटच्या दिवशी मुंबईहून राजू आला. आता त्याला टक्कल पडलंय आणि तो कुरिअर कंपनीत मोठा साहेब आहे. केंद्रात त्याने माझा खेळ बघितला आणि मॅडमना म्हणाला, "मला एकदा द्याल?" मॅडमनी पट्टा त्याला घातला. गुळगुळीत डोकं, ठिपके लगेच हिरवे. आणि टोपली ढिम्म. तो वळणावर वाकायचा तसा खुर्चीत उजवीकडे वाकला, डावीकडे वाकला. त्याच्या टोपलीत एक आंबा पडला, तोही चुकून. माझे अकरा होते.

"ताई, तू चीटिंग करतेस!"

"तुझं डोकं रिकामं आहे त्याला मी काय करू?"

मॅडम हसल्या, दाराशी बसलेली आई आतल्या आत हसली. आजार आल्यापासून मी एवढी हसले नव्हते. मग मॅडमनी यंत्र खोक्यात भरलं. मी त्यांना थँक्यू म्हटलं आणि खोक्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजूची गाडी होती. रिक्षा फाटकात आली. त्याने आईच्या पाया पडून बॅग टाकली, मला म्हणाला, "ताई, नीट राहा. दिलीपभावजींवर ओरडू नकोस." डोळे भरले होते त्याचे, म्हणून घाईघाईने रिक्षात बसला. रिक्षा निघाली आणि सवयीने माझा उजवा हात वर झाला. खांद्यापर्यंतच गेला, मूठ तशीच.

राजूने रिक्षातून डोकं बाहेर काढलं. "टाटा करतेस की मारतेस गं?"

"जा मेल्या!" मी म्हटलं, आणि मी जे रडू आवरलं होतं ते हसण्यातून फुटलं.

करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मधलं अर्ध्यावर येऊन थरथरत राहिलं. अंगठा जागचा हलला नाही. मोजा नव्हता, पट्टा नव्हता. आईने फाटकाचा गज घट्ट धरला होता. मी तो हात तसाच वर धरून उभी राहिले, खाली घेतला तर मिटेल म्हणून.

रिक्षा वळणापर्यंत गेली होती. ती थांबली. राजू उतरला आणि बॅग तिथेच टाकून धावत आला. मागून रिक्षावाला ओरडत होता, "ओ साहेब, गाडी चुकेल!"

राजूने माझा तळवा धरला. त्यावर नखांचे जुने वण होते, त्यांवरून त्याने अंगठा फिरवला. "परत कर," म्हणाला. मी केलं, नाही झालं. "परत कर ना, ताई." नाही झालं. त्याने हात सोडला नाही, घाईही केली नाही. आम्ही फाटकात उन्हात उभे होतो. मग करंगळी पुन्हा हलली.

राजू त्या दिवशी गेलाच नाही.